आधी वॉर्ड, मग फळा

अगं, नर्सिंगच्या एमएस्सीला मेंटल हेल्थ घेऊ का, असं तू विचारलंस आणि पाठोपाठ म्हणालीस, ‘मेडिकल-सर्जिकल नाही मिळालं तर तेच उरतं म्हणे.’ त्या दुसऱ्या वाक्यावर मी आधी बोलणार आहे. उरलंसुरलं म्हणून ही शाखा घेणार असशील, तर घेऊ नकोस. दोन वर्षं कुढशील, पुढे शिकवायला लागलीस की ते कुढणं वर्गातल्या पोरींपर्यंत पोचेल, आणि त्या पोरी पेशंटपुढे उभ्या राहतील तेव्हा पेशंटला ते कळेल. त्यांना फार लवकर कळतं. पण तुला मानसोपचार वॉर्डातलं पोस्टिंग आवडलं होतं, मला माहीत आहे. केस प्रेझेंटेशन संपल्यावर सगळ्या जणी गाडीत बसायच्या घाईत होत्या आणि तू एका आजीजवळ परत जाऊन बसलीस, हे तूच मला सांगितलं होतंस. जिला परत जाऊन बसावंसं वाटतं, तिच्यासाठी ही शाखा आहे.

आता आईचं. ‘येड्याच्या दवाखान्यात नोकरी करते म्हटल्यावर पोरीला कोण करून घेईल,’ असं ती म्हणते. तिच्यावर चिडू नकोस. तिनं जे पाहिलंय त्यातून ती बोलते. आपल्या राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. मंजूर खाटा अनुक्रमे २५४०, १८५०, ९४० आणि ३६५. नकाशा डोळ्यांपुढे आण. चारांतलं एकही मराठवाड्यात नाही. जालन्याला नवं मंजूर झालंय, पण आईच्या तरुणपणी आपल्या आखाडा बाळापूरच्या माणसाला ‘नेलं’ म्हणजे आठवड्यातून एकदा भेटून येता येणार नाही इतकं लांब नेलं. घरच्यांच्या मजुरीचे दिवस बुडायचे, गाडीभाडं परवडायचं नाही, हळूहळू जाणं थांबायचं. आणि ज्यांना नेलं नाही, ते देवऋष्याच्या दारात, दर्ग्यावर, नाहीतर घरातल्याच मागच्या खोलीत. तमिळनाडूत एरवाडीला अशाच एका ठिकाणी ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा २८ माणसं गेली, कारण त्यांना साखळ्यांनी बांधलेलं होतं. ते ऐकून देश हादरला, पण दोरखंड आणि साखळी ही फक्त तमिळनाडूची गोष्ट नव्हती.

तेव्हा आईला सांग की दिवस बदललेत, आणि कसे बदललेत तेही सांग. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. साखळीनं बांधणं त्यात सरळ मना आहे. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देता येत नाही. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला आता कायदा आरोपी म्हणून पाहत नाही. तो तीव्र तणावात होता असं धरून चालतो आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरवतो. आणि हे तर आईला मुद्दाम सांग: राज्याचं जे मानसिक आरोग्य प्राधिकरण असतं, त्यावर १५ वर्षं अनुभव असलेल्या एका मानसिक आरोग्य परिचारिकेला जागा ठेवलेली आहे. कायदा करणाऱ्यांना आपली गरज कळली. आईलाही कळेल, तिला थोडा वेळ दे.

शिवाय नोकरी म्हणजे उंच भिंतींच्या आतच, असं आता राहिलेलं नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, त्यातूनच १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. जिल्ह्याच्या पथकात मानसोपचार तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवा कार्यकर्ता आणि त्यांच्याबरोबर मनोविकार परिचारिका असते. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ साली राज्यानं प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तो १४ जिल्ह्यांसाठी, आणि मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात आहेत. म्हणजे आपलं हिंगोली आहेच. आशाताई घरोघर जातात, प्रश्न विचारतात, ज्याला गरज आहे त्याला पुढे पाठवतात. हिंगोलीला २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. जिथे मेडिकल कॉलेज, तिथे मानसोपचार विभाग आलाच. तुझ्या आणि माझ्या वेळेत एवढा फरक पडला आहे.

पण तू मला नोकरीबद्दल विचारलं नाहीस. तू म्हणालीस, ‘ताई, मला शिकवायचंय, आणि जमलं तर पीएचडी.’ छान. मग माझं ऐक आणि या एका गोष्टीवर मला वचन दे. एमएस्सीच्या प्रवेशाला एक वर्षाचा अनुभव लागतोच, बहुतेक मुली तेवढा कसाबसा भरतात. कुणी कुणी तर कुठल्याशा खासगी दवाखान्याचं कागदावरचं सर्टिफिकेट आणतात. तू तसं करू नकोस. दोन वर्षं तरी खऱ्या मानसोपचार वॉर्डात काढ. रात्रपाळ्या कर. भरती करून घे, सुटी देऊन बघ, आणि तोच माणूस चार महिन्यांनी परत आला की का आला हे त्याच्या बायकोला विचार. पुस्तकात वाचून शिकवणाऱ्या बाईंना आम्ही विद्यार्थिनी पहिल्या आठवड्यात ओळखायचो, तुझ्याही ओळखतील.

वॉर्डात नेमकं काय शिकशील ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. हॅलोपेरिडॉल सुरू झालेल्या पोराची दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक मान वाकडी होते, जीभ ओढली जाते, डोळे वर चढतात. घरचे हादरतात. ‘बघा, बाहेरचंच होतं, औषधानं उलट चवताळलं,’ असं म्हणून त्याला घेऊन निघायच्या बेतात असतात. हा औषधाचा ठाऊक असलेला परिणाम आहे. डॉक्टरांना तातडीनं बोलावलं, फेनरगनचं इंजेक्शन दिलं की थोड्या वेळात मान सरळ होते. पण त्या थोड्या वेळात त्या आईजवळ उभं राहून, तिला कळेल अशा शब्दांत हे सांगणारी सिस्टर तिथे असली, तर तो पोरगा पुढची कित्येक वर्षं उपचारात राहतो. नसली, तर तो संध्याकाळच्या एसटीनं गावी, आणि पुन्हा दवाखान्याचं नाव नाही.

लिथियमचंही तसंच. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण ०.६ ते १.२ या टप्प्यात ठेवायचं, १.५ च्या वर गेलं की विषबाधेचा धोका. हे तू परीक्षेत लिहिलंयस. पण आपल्याकडे हळद काढायला, शिजवायला, वाळवायला माणूस उन्हात उभा राहतो, पुढे एप्रिल-मे तर विचारूच नको. घाम जातो, पाणी कमी पडतं, त्यात कुणीतरी बीपीसाठी मीठ बंद करायला सांगितलेलं असतं. शरीरातलं मीठ-पाणी घटलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातलं प्रमाण चढतं. हात थरथरायला लागतात, उलट्या होतात, तोल जातो. लोक म्हणतात ऊन लागलं. बाळापूरच्या पेशंटला लिथियम देताना पाण्याचं, मिठाचं आणि उन्हातल्या कामाचं आवर्जून बोलायला हवं, हे पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरात नसेल. तुझ्या वर्गात ते ठळक असू दे.

आणि तिसरं, नुसतं बसणं. बोलायला लावायची घाई न करता बसणं. हिल्डेगार्ड पेपलाऊचं नाव तुला पाठ आहे, सिद्धांताच्या प्रश्नात दहा मार्कांना येतं. नर्स आणि पेशंट यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग आहे, हे तिनं १९५२ च्या पुस्तकात मांडलं. ते पुस्तक लिहून झाल्यावर काही वर्षं छापलंच गेलं नाही, कारण डॉक्टर सहलेखक नसताना एका नर्सनं पुस्तक लिहावं हे तेव्हा लोकांना पटत नव्हतं. ती थांबली, पण दुसऱ्याचं नाव लावलं नाही. उद्या तुझ्या संशोधनाचा लेख तयार होईल, ज्यांनी काही केलं नाही अशा कुणाचं तरी नाव पहिलं टाकायला सांगितलं जाईल, तेव्हा पेपलाऊची ही गोष्ट आठव. तो दहा मार्कांचा प्रश्न विसरलीस तरी चालेल.

आता वाट कशी आहे ते पटकन सांगते, कारण ही माहिती तुला कुठेही मिळेल. बीएस्सीला किमान ५५ टक्के, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, अनुभव, मग सीईटी. एमएस्सी दोन वर्षांची. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी जोडलेली सरकारी आणि खासगी कॉलेजं आहेत. मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज आहे, १९६४ पासूनचं. सावंगी-वर्ध्याला आहे, लोणीला आहे. आणि हिंमत कर, बंगळूरच्या निम्हान्सचा फॉर्म भर. तिथे मनोविकार परिचर्येचा वर्षाचा डिप्लोमा १९५६ पासून चालतो, संस्था तेव्हा अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था या नावानं ओळखली जायची. एमएस्सी आहे, पीएचडीही आहे. घरून लगेच दोन वर्षांसाठी सोडत नसतील तर तो एक वर्षाचा डिप्लोमाही कमी समजू नकोस. त्यानंतर तुझी नजर बदललेली असेल.

खासगी कॉलेजात ट्यूटर म्हणून जाशील तर कागदावर पगार किती आणि हातात किती, हे रुजू होण्याआधी तिथल्या दोघी-तिघींना विचार. लाजू नकोस. मूळ सर्टिफिकेटं कुणाकडेही ठेवायला देऊ नकोस, झेरॉक्स द्यायची. तपासणी आली की महिनाभर फायलीच रंगवाव्या लागतात, ते सगळीकडे आहे. पण त्या महिन्यातसुद्धा पोस्टिंगला मुलींबरोबर स्वतः जा. त्यांना वॉर्डाच्या दारात सोडून स्टाफरूममध्ये बसू नकोस.

शिकवण्यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे प्रोसेस रेकॉर्डिंग. मुली त्याला कंटाळतात. पेशंट काय बोलला, मी काय बोलले, मला तेव्हा काय वाटलं, असं रकान्यांत लिहायचं. बहुतेक जणी ‘मला काय वाटलं’ हा रकाना मागच्या वर्षीच्या फाइलवरून उतरवतात. मी तो रकाना आधी वाचते. ‘मला भीती वाटली’ असं जिनं लिहिलं, तिला जवळ बसवते. भीती वाटते हे मान्य केलेली मुलगी शिकू शकते. ‘मी रुग्णाला धीर दिला’ एवढंच लिहिणारीला विचारते, कसा दिला? नेमके कोणते शब्द? तो मग काय म्हणाला? तासभर त्या एका ओळीवर जातो आणि तो तास वाया जात नाही.

आता संशोधन. इथे मला जरा जास्त बोलू दे.

आपल्या एमएस्सीच्या प्रबंधांची कपाटं उघडून बघ. ‘अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता.’ गाव बदलतं, आजार बदलतो, बाकी तेच. आधी प्रश्नपत्रिका, मग पाऊण तासाचं व्याख्यान, आठव्या दिवशी तीच प्रश्नपत्रिका. मार्क वाढले, निष्कर्ष निघाला, बाइंडिंग झालं. अगं, शिकवल्यावर आठवडाभर लक्षात राहतं हे कुणाला माहीत नव्हतं? त्यातून एका तरी पेशंटचं काही बदललं का? मला याचा राग येतो, कारण या प्रबंधांमागे हुशार मुलींची दोन वर्षं असतात. गाइड म्हणतील, ‘हेच घे, लवकर होतं.’ त्यांना नम्रपणे नाही म्हण आणि दुसरा विषय तयार ठेवूनच नाही म्हण.

विषय कुठून आणायचा? इथून. आपल्या तालुक्यातून. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण तुम्हाला शिकवतात. प्रौढांमध्ये १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. पाठ असेल तुझं. पण ते १२ राज्यांत झालं आणि त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे कुणी सांगितलं का? २०२२ मध्ये देशात सगळ्यात जास्त आत्महत्या आपल्या राज्यात नोंदल्या गेल्या, २२,७४६. आणि त्या सर्वेक्षणात आपल्या राज्यातलं एकही घर नाही. कळमनुरी तालुक्यातल्या आंध वाड्या, बंजारा तांडे यांचं तर सोडूनच दे. हे काम कुणीतरी इथली भाषा बोलणाऱ्या बाईनंच करायला पाहिजे.

आणि होतं असं काम. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातलेच कार्यकर्ते तयार केले, त्यांनी घरोघर नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली, गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत नेलं. नैराश्य असलेल्यांपैकी आरोग्यसेवेपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त तो अभ्यास छापून आला. अमरावतीच्या खेड्यांतला! कापूस-सोयाबीनवाली माणसं, आपल्यासारखीच.

दुसरं उदाहरण श्रीलंकेचं, ते मुद्दाम सांगते. फवारणीचं औषध घरात सहज हाताशी असणं हा आपल्याकडच्या आत्महत्यांमधला मोठा धोका आहे. ते कुलूपबंद डब्यात ठेवलं तर जीव वाचतील, असं सगळ्यांनाच वाटत होतं. श्रीलंकेत १८० गावांत, ५० हजारांवर घरांत हे करून पाहिलं. निम्म्या गावांना कुलपाचे डबे दिले, निम्म्यांना नाही. २०१७ मध्ये निकाल आला: फरक पडला नाही. मात्र त्याच देशात सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर सरकारनं बंदी घातल्यावर आत्महत्या खूप घटल्या. म्हणजे मनाला पटणारा उपाय चालतोच असं नाही. मोजून पाहावं लागतं, आणि ‘फरक पडला नाही’ हेसुद्धा तितक्याच प्रामाणिकपणे छापावं लागतं. तुझ्या प्रबंधात असं काही निघालं तर आकडे हलवायचे नाहीत. कुणीही सांगितलं तरी नाही.

माझ्या मनात जे विषय आहेत ते तुला देऊन टाकते. दुसऱ्या फॉलोअपनंतर कोण येईनासं होतं आणि का? ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या माणसाच्या गोळ्यांचं सहा महिने काय होतं? स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाला सांभाळणारी सून किंवा आई स्वतः कधी झोपते? आशाताईंना प्रश्नावली भरताना कुठला प्रश्न विचारायला जड जातं आणि तिथे त्या काय करतात? हा शेवटचा विषय मला सगळ्यात जवळचा. चार-पाच आशांशी नुसतं बोलून बघ, तुला महिनाभराचं काम मिळेल. गुणात्मक संशोधन म्हणजे सोपं असं समजू नकोस. एकेक मुलाखत शब्दशः उतरवताना मान मोडून येते.

एक गोष्ट मात्र फार जपायची. बाळापूर एवढंसं. ही कुणाची सून, तो कुणाचा पोरगा, वारंगा फाट्यापर्यंत सगळ्यांना माहीत. ‘४२ वर्षांची, दोन एकर हळद, नवरा ड्रायव्हर, बहीण अंगणवाडीत’ एवढं लिहिलंस तर नाव लिहिल्यासारखंच झालं. मोठ्या शहरातली संशोधक नाव काढून टाकते आणि तिचं भागतं. तुझं भागणार नाही. वय थोडं ढोबळ कर, धंदा सांगायची गरज नसेल तर सांगू नकोस. संमतीपत्र वाचून दाखव, आणि ‘नाही म्हटलं तरी तुमच्या गोळ्या बंद होणार नाहीत’ हे वाक्य दोनदा सांग. सिस्टरनं विचारलं म्हणून लोक हो म्हणतात. तो हो खरा आहे का, हे तपासणं तुझं काम. लग्नाकार्यात भेटलेल्या पेशंटला आपण होऊन ओळखही दाखवायची नाही. त्यांनी हाक मारली तर बोलायचं, तेही हवापाण्याचं.

तुझ्या स्वतःबद्दल. या कामात एखादा पेशंट जातो. सुटी होऊन घरी गेलेला, तुझ्याशी हसून बोललेला. तेव्हा ‘मला कळायला हवं होतं’ हा विचार रात्री सोडत नाही. एकटीनं गिळू नकोस. वरिष्ठ सिस्टरशी बोल, मला फोन कर, आणि रात्री-बेरात्री कुणी नसलं तर टेलिमानसचा १४४१६ आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. तो नंबर आपण पेशंटच्या कार्डावर लिहून देतो. आपल्यासाठीही तोच आहे.

परदेशाचंही तू विचारलं होतंस. इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य परिचर्या ही सुरुवातीपासून वेगळी शाखा आहे, तिची वेगळी नोंदणी असते. तिकडे गेलीस तरी मला वाईट वाटणार नाही. फक्त आधी इथलं काम हाताखालून जाऊ दे. तिकडच्या मुलाखतीतसुद्धा तू काय केलंस हेच विचारतील.

आता कामाचं. पुढच्या आठवड्यात एक दिवस काढ, नांदेडला विष्णुपुरीच्या मेडिकल कॉलेजात जा, परवानगी घेऊन मानसोपचार ओपीडीत सकाळपासून बस. वही उघडू नकोस, फक्त बघ. कोण एकटं येतं, कोणाला कोण घेऊन येतं, बाहेरच्या बाकावर काय बोलणं चालतं. घरी आल्यावर तुला पडलेले तीन प्रश्न लिही. पाठ्यपुस्तकातले नकोत. ते आणि बीएस्सीच्या चारही वर्षांच्या मार्कशीटच्या झेरॉक्स घेऊन रविवारी ये, ५५ टक्क्यांचं गणित एकदा नीट बसवू. आईलाही आण बरोबर. तिच्याशी मी बोलते.